पेल्यातली पातळी

लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या सहा बाटल्या, त्यांतून निघालेल्या पारदर्शक नळ्या, तळहातावर मावेल एवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि खाली ठेवलेला रिकामा पेला. बटण दाबले की लिंबाचा रस, साखरेचा पाक, पाणी हे सारे ठरलेल्या प्रमाणात पेल्यात पडते आणि सरबत तयार होते. घरच्या घरी जुळवलेली, संगणकाच्या हुकमावर पेय मिसळणारी अशी यंत्रे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरातल्या हौशी कारागिरांनी बनवली. व्हिएन्ना शहरात तर १९९९ पासून अशाच यंत्रांचा ‘रोबोएक्झोटिका’ नावाचा मेळा भरत आला आहे. बघणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न येतो. चमच्याने अर्ध्या मिनिटात ढवळून होणाऱ्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर त्या सरबतात शोधले तर मिळणार नाही. त्यासाठी इतिहासात दोन हजार वर्षे मागे जावे लागते. द्रव आपोआप मोजणे, तो वेळेवर सोडणे आणि नेमका थांबवणे ही विद्या माणसाने ज्या ज्या ठिकाणी कमावली, त्यांत पेयपानाची बैठक हे एक मोठे ठिकाण होते, आणि घरगुती पेययंत्र त्याच शाळेचा आजचा वर्ग आहे, असे माझे म्हणणे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. त्याच्या ‘न्यूमॅटिका’ या ग्रंथात हवा आणि पाणी यांच्या जोरावर चालणाऱ्या अनेक साधनांची वर्णने आहेत. त्यांतले देवळातले एक पात्र प्रसिद्ध आहे. पात्राच्या झाकणाला फट होती. भाविकाने तिच्यातून पाच द्राख्मांचे नाणे टाकले की ते आतल्या तराजूसारख्या दांडीच्या चपट्या टोकावर पडे. ते टोक खाली जाई, दुसरे टोक वर उचलले जाई आणि त्याला जोडलेले बूच निघून शुद्धीचे पाणी वाहू लागे. दांडी कलत कलत इतकी उतरती होई की नाणे तिच्यावरून घसरून खाली पडे. लगेच बूच पुन्हा जागेवर बसे आणि धार थांबे. पाणी सोडणारा कोणी नाही, थांबवणाराही कोणी नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीकच पाणी. त्याच ग्रंथात एक सुरई आहे. तिच्या पोटात आडपडदा घालून दोन कप्पे केलेले असतात आणि वर हवेसाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. कोणत्या छिद्रावर अंगठा दाबला यावर सुरईतून पाणी येणार, मद्य येणार की दोन्हींचे मिश्रण, हे ठरे. ग्रीकांमध्ये मद्य पाणी मिसळूनच पिण्याची रीत होती, त्यामुळे किती पाण्याला किती मद्य हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक बैठकीत उभा राही. मिश्रणाचे प्रमाण यंत्राकडे सोपवण्याची कल्पना अशी रोजच्या रीतीतून निघाली.

माझ्या मते हेरॉनच्या साधनांत सर्वांत मोलाचे आहे ते एक साधे भांडे. त्यातून कितीही पेय काढून घेतले तरी पातळी पुन्हा पहिल्याइतकी होई. आत एक तरंगता गोळा होता. पेय काढले की पातळी उतरे, गोळा खाली येई आणि दांडीच्या साहाय्याने साठ्याची झडप उघडे. पातळी वर आली की गोळाही वर येई आणि झडप बंद होई. हे वर्णन कोणत्याही मराठी माणसाला ओळखीचे वाटेल, कारण इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक अगदी हेच करतो. टाकी भरली की पाणी आपोआप बंद. नियंत्रणशास्त्राचा गाभा या गोळ्यात आहे: यंत्र काम करता करता स्वतःच्या कामाचा परिणाम पाहते आणि त्या परिणामावरून पुढचे काम ठरवते. तीर्थाच्या पात्रात हे नव्हते. तिथे दांडीला फक्त नाणे कळत होते, पाणी किती गेले ते कळत नव्हते. तरंगत्या गोळ्याला पाणी कळत होते. आंधळेपणाने मोजणारे यंत्र आणि पाहून मोजणारे यंत्र यांच्यातला हा फरक पुढच्या साऱ्या इतिहासात दिसत राहतो.

हेरॉननंतर सुमारे आठशे वर्षांनी, इ. स. ८५० च्या सुमारास, बगदादमधल्या बनू मूसा या तीन भावांनी युक्त्यांच्या यंत्रांवर अरबीत ग्रंथ लिहिला. त्यात शंभराच्या आसपास साधने आहेत आणि त्यांतली बरीचशी पेय ओतणारी, पेये आलटून पालटून देणारी किंवा मध्येच धार थांबवणारी भांडी आहेत. शंकूच्या आकाराच्या झडपा, तरंगते गोळे, एकाच्या हालचालीने दुसरे उघडणारे मार्ग यांची त्यांनी इतकी उलटसुलट जुळणी केली आहे की ग्रंथ वाचताना आपण झडपांचे व्याकरण शिकत आहोत असे वाटते. मग १२०६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिर इथे अर्तुकी राजाच्या पदरी असलेल्या अल-जझरीने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पन्नास यंत्रे सहा वर्गांत मांडली आहेत आणि एक अख्खा वर्ग पानबैठकीच्या यंत्रांचा आहे. त्यात हातात पेला घेतलेली एक यंत्रदासी आहे. वरच्या साठ्यातून पेय थेंबथेंब एका छोट्या बादलीत पडत राहते. बादली भरली की तोल जाऊन उलटते, पेय दासीच्या हातातल्या पेल्यात उतरते आणि त्या वजनाने ती कपाटाचे दार उघडून बाहेर येते. वेळ मोजणे आणि माप मोजणे ही दोन कामे इथे एकाच बादलीने केली आहेत. आज स्वयंचलित हवामान केंद्रांत पाऊस मोजतात तोही उलटणाऱ्या बादलीच्याच तत्त्वावर. दर उलटण्याची नोंद होते आणि नोंदींच्या बेरजेवरून किती मिलिमीटर पाऊस झाला ते कळते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही सारी राजेरजवाड्यांची खेळणी होती. खरे यांत्रिक ज्ञान वाढले ते पाणचक्कीत, रहाटात, घड्याळात, खाणीतल्या पंपात. जिथे दळण अडले तर माणसे उपाशी राहतात, तिथे. पानबैठकीला इतके श्रेय द्यायचे कारण काय? यातला अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. अल-जझरीच्या ग्रंथातही घड्याळे आहेत, पाणी उपसणारी यंत्रे आहेत, आणि त्यांतला दांड्याने चालणारा जोडपंप यंत्रविद्येच्या इतिहासात फार मोठा मानतात. पण पाणचक्कीला प्रश्न असतो तो जोराचा. जाते फिरले पाहिजे. पाणी थोडे इकडे-तिकडे गेले तरी पीठ पडतेच. पेल्याचा प्रश्न नेमकेपणाचा असतो. चार थेंब जास्त झाले तर पेला ओसंडतो, आणि ते बैठकीतल्या सगळ्यांना दिसते. चूक लगेच दिसावी आणि तिची किंमत कमी असावी, ही शिकण्यासाठी सर्वांत चांगली परिस्थिती असते. दळण थांबवून गिरणीवर प्रयोग करायला कोणता मालक परवानगी देईल? यंत्रदासीच्या बादलीवर मात्र दहा वेळा प्रयोग करता येतात. उपयुक्त यंत्रांनी माणसाला जोर दिला आणि खेळातल्या यंत्रांनी त्या जोराला लगाम घालायला शिकवले, अशी विभागणी मला पुराव्याशी जुळणारी वाटते.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या पद्धतीबद्दलचा आहे. हेरॉनचा तरंगता गोळा आणि अठराव्या शतकात युरोपातल्या बाष्पयंत्रांच्या बॉयलरला बसवलेला तरंगता गोळा यांच्यात गुरु-शिष्याची साखळी दाखवता येते का? रशियात इव्हान पोल्झुनोव्हने १७६५ मध्ये बॉयलरची पातळी राखण्यासाठी गोळा वापरला. १७८८ मध्ये जेम्स वॉटच्या इंजिनाला वेग आवरणारा फिरता नियंत्रक लागला. त्यांच्यापुढे बगदादची पोथी होती असे म्हणायला आधार नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. नियंत्रणाच्या उगमाचा इतिहास १९७० मध्ये लिहिणाऱ्या ऑटो मायर यांनी जी जुनी उदाहरणे गोळा केली, त्यांत पाणघड्याळे आहेत, दिवे आहेत आणि पेयाची भांडीही आहेत. वंशावळ तुटक असली तरी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिथे जिथे माणसाने धारेला आपोआप थांबवायचे ठरवले, तिथे तिथे त्याला पातळीशीच झगडावे लागले. भांडे भरलेले असताना धार जोरात पडते, रिकामे होत आले की मंदावते. म्हणून केवळ वेळ मोजून माप मिळत नाही; एक तर वरची पातळी कायम राखावी लागते, नाहीतर खाली पडलेले मोजावे लागते. अलेक्झांड्रियात जी अडचण होती, तीच सरबताच्या बाटल्या उलट्या टांगून खाली झडपा बसवणाऱ्या आजच्या हौशी कारागिरासमोर पहिल्याच संध्याकाळी उभी राहते. साखळी पुस्तकांतून आलेली नसेल, पण पाण्याचा स्वभाव बदललेला नाही, आणि तो प्रत्येक पिढीला तोच धडा देतो.

पण धडा मिळणे आणि विद्या टिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विद्या टिकते ती लिहून ठेवली तर. या बाबतीत आपल्याकडचे एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या, अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात हलत्या बाहुल्या आहेत, जलयंत्रे आहेत, कारंज्यांची धारागृहे आहेत. पण यंत्रे कशी घडवावीत हे तिथे मुद्दाम उघड केलेले नाही, आणि अज्ञानामुळे नव्हे तर गुप्तता राखण्यासाठी ते सांगितलेले नाही, असे ग्रंथच सांगतो. दोनशे वर्षांच्या आत अल-जझरीने नेमके उलटे केले. कोणता भाग कोणत्या धातूचा, किती मापाचा, कशाला जोडायचा, छिद्र घासून त्यातून हवी तेवढीच धार कशी पाडायची, हे त्याने आकृत्यांसह लिहिले. दुसऱ्या कारागिराला यंत्र पुन्हा बनवता यावे, हाच त्या लेखनाचा हेतू दिसतो. डोनाल्ड हिल या अभियंत्याने १९७४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि आधुनिक कारागिरांनी त्या वर्णनांवरून यंत्रांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. भोजाच्या काळातल्या कारागिरांचे कौशल्य कमी होते असे मानायचे कारण नाही. पण आज ते आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि ही हानी छोटी नाही.

एकोणिसाव्या शतकात पेययंत्र राजवाड्यातून बाजारात आले. इंग्लंडमध्ये हायरम कॉडने १८७२ मध्ये ज्या बाटलीचे पेटंट घेतले ती आपल्या गावोगावच्या जत्रेत गोटी सोडा म्हणून पोचली. आतल्या वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. बाटलीला दुसरे बूच लागत नाही. वायूच स्वतःला कोंडून ठेवतो, हे त्या गोटीतले शहाणपण आहे. १९०२ मध्ये फिलाडेल्फियात हॉर्न आणि हार्डार्ट यांच्या ‘ऑटोमॅट’ उपाहारगृहात नाणे टाकून मूठ फिरवली की डॉल्फिनच्या तोंडाच्या नळातून नेमकी कपभर कॉफी येई आणि कप काठोकाठ भरताच धार थांबे. हेरॉनचे नाणे आणि जझरीचे माप इथे एकत्र आले. मात्र त्याबरोबर एक बदल झाला. यंत्र आता कारखान्यात बनू लागले, पत्र्याच्या आड गेले आणि ग्राहकाच्या वाट्याला फक्त नाणे आणि पेला उरला. ते झाकण पुन्हा उघडले विद्यापीठातल्या तरुणांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शीतपेयाचे यंत्र संगणकाला जोडले गेले. कोणत्या रकान्यात बाटली आहे आणि ती तीन तासांहून जास्त वेळ आत राहून गार झाली आहे का, हे जागेवरून न उठता कळू लागले. केंब्रिजमध्ये १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला गेला आणि दोन वर्षांनी ते चित्र जगाला वेबवर दिसू लागले. तहानेसाठी केलेल्या या जोडण्यांत वस्तूंना जाळ्याशी जोडण्याची आजची सारी कल्पना बीजरूपाने आहे.

मग २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रिया गावी आर्दुइनो या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा जन्म झाला. ऑलिव्हेट्टी कंपनीचे हे गाव. तिथल्या संरचना संस्थेतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांनाही परवडेल आणि वापरता येईल असा स्वस्त बोर्ड हवा होता. ज्या मद्यालयात ही मंडळी जमत त्यावरून त्याचे नाव पडले, आणि त्या मद्यालयाचे नाव इसवी सन १००२ मध्ये इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनोवरून होते. बोर्डाचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले गेले, म्हणजे अल-जझरीने जे शाईने केले तेच इथे परवान्याने केले. घरगुती पेययंत्राला मग हवा होता फक्त चांगला पंप, आणि तो आला वैद्यकातून. लवचीक नळीला फिरत्या रुळांनी चेपत चेपत द्रव पुढे ढकलणारा हा पंप. त्यात द्रवाचा स्पर्श फक्त नळीला होतो, पंपाच्या कोणत्याही भागाला होत नाही. म्हणूनच तो रक्तासाठी वापरतात. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली तेव्हा रक्त खेळते ठेवणारे पंप याच जातीचे होते, आणि डायलिसिसच्या यंत्रात आजही तोच फिरताना दिसतो.

या पंपाशी कारागिराचा जो संवाद होतो तो जवळून पाहण्यासारखा आहे. आधी मिनिटभर पंप चालवून मोजपात्रात किती पाणी पडले ते पाहायचे. ९० मिलिलिटर पडले, तर ३० मिलिलिटरसाठी २० सेकंद. हिशेब सोपा. मग त्याच नळीतून कोकमाचा दाट पाक सोडला की हिशेब चुकतो, कारण चेपलेली नळी पाकाने सावकाश भरते आणि दर फेऱ्याला थोडे कमीच पडते. म्हणजे प्रत्येक द्रवाचे माप वेगळे काढायला हवे. नळी जुनी होऊन सैल पडली की तेही बदलते. अखेर कारागीर पेल्याखाली वजनाचा काटा बसवतो आणि संगणकाला सांगतो की घड्याळ पाहू नको, वजन पाहा. तरीही पंप थांबल्यावर नळीच्या तोंडातले चार थेंब पडतातच, म्हणून किंचित आधी थांबायला शिकवावे लागते. हा प्रवास म्हणजे तीर्थपात्राच्या दांडीपासून तरंगत्या गोळ्यापर्यंतचा प्रवास. आंधळे माप सोडून पाहणारे माप धरायला इतिहासाला जो वेळ लागला, तो रस्ता इथे आठवड्याभरात चालून होतो. पुस्तकात वाचलेले नियंत्रणशास्त्र आणि स्वतःच्या टेबलावर सांडलेल्या पाकातून कळलेले नियंत्रणशास्त्र यांत मला दुसरे जास्त टिकाऊ वाटते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. अशी यंत्रे बहुतांशी मद्यासाठी बनतात. त्यांचे कौतुक म्हणजे व्यसनाला यंत्राची साथ नव्हे का? मागेल त्याला, मागेल तितक्या वेळा ओतणारे यंत्र धोक्याचे ठरू शकते, हे खरे आहे. ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस तिथून उठतो, आणि ती उणीव कारागिराने नजरेआड करू नये. पण यंत्राला द्रव कळतो, त्याचे नाव कळत नाही. पन्हे, कोकम, लिंबू यांना तेच पंप लागतात. शिवाय मापाचा मूळ धर्म आवर घालण्याचा आहे: देवळातले पात्र नाण्यापुरतेच पाणी देत असे. पेले मोजून थांबण्याचा नियम बोर्डावर चार ओळींत लिहिता येतो, आणि तो लिहायचा की नाही हा प्रश्न कारागिरापुढे येणे हेही शिक्षणच आहे. कोणी म्हणेल की यजमानाने स्वतःच्या हाताने दिलेल्या पेल्यातला जिव्हाळा यंत्रात कुठून येणार? पण यंत्रदासी घडवली गेली ती पाहुण्यांच्या स्वागतासाठीच. ज्याने महिनाभर खपून पाहुण्यांसाठी यंत्र जुळवले, त्याच्या आतिथ्यात हात कमी लागला असे कसे म्हणावे?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करता करता शिकता येते या विश्वासावर, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू स्वतः घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली. आता शाळाशाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्येही आर्दुइनोचे बोर्ड पोचले आहेत. तिथल्या एखाद्या मुलीने सरबताचे यंत्र करायचे म्हटले, तर समाजाच्या उपयोगाचे काहीतरी कर म्हणून तिला परतवू नये. तिला मोजपात्र द्यावे, वही द्यावी, आणि काय चुकले व ते कसे सुधारले हे मापांसकट लिहून ठेवायला सांगावे. शेतातल्या ठिबकाला पाणी किती सोडायचे, सलाइनची धार केव्हा थांबवायची, धरणाचे दार किती उचलायचे, हे सगळे पातळीचेच प्रश्न आहेत. त्यांची पहिली ओळख पेल्यात होणे चांगले, कारण पेला सांडला तर पुसून घेता येतो.